पत्ते संपले, नियम मात्र तेच

गेल्या जुलैमध्ये एका शनिवारी मुरुमला गेलो होतो. (माहीत नसणाऱ्यांसाठी: रस्त्यावर टाकतात तो मुरूम नव्हे. धाराशिव जिल्हा, उमरगा तालुका. सोलापूर-हैदराबाद हायवे सोडून आत वळलं की लागतं ते आमचं गाव. आमच्याकडे नगरपरिषद आहे, त्यामुळे नुसतं ‘गाव’ म्हटलं की लोक चिडतात.) घरी बॅग टाकली आणि नेहमीप्रमाणे मित्राच्या दुकानात जाऊन बसलो. हा माझा शाळेतला मित्र आधी केबल टीव्ही चालवायचा, आता फायबरचं इंटरनेट देतो. गावात आणि आजूबाजूच्या चार-पाच खेड्यांत मिळून २२०० कनेक्शन्स आहेत त्याची.

दुकानात चहा यायच्या आधी माणसंच आली. शेजारच्या ऑनलाइन सेवा केंद्राचा मालक आणि त्याच्यामागे हातात सातबारा, पासबुक, आधारच्या झेरॉक्स घेतलेले सात-आठ शेतकरी. एका सरकारी फॉर्मची शेवटची तारीख दोन दिवसांवर आलेली, आणि पोर्टल उघडेना. म्हणजे उघडत होतं, पण लाल अक्षरांत एवढंच सांगत होतं की तुमच्या आयपी पत्त्यावरून फार विनंत्या आल्या आहेत, नंतर प्रयत्न करा. नंतर म्हणजे कधी, ते नाही. गंमत म्हणजे त्याच केंद्रातल्या पोराने आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावला की पोर्टल झकास चालायचं.

झालं! एक म्हातारबुवा माझ्या मित्राला म्हणाले, ‘‘तुझं नेटच बंडल हाय बघ. वायर टाकून पैसे घेतूस आणि पोराचा मोबाइल तुझ्यापेक्षा बरा चालतूय.’’

मित्र काही बोलला नाही. बोलणार काय? त्याचं नेट बंडल नव्हतं. त्याच्याकडे पत्ते नव्हते. आता हे त्या म्हाताऱ्या माणसाला कसं समजावणार? पण तुम्हाला समजावता येईल, कारण तुमच्यापैकी निम्मे लोक याच धंद्यात आहेत आणि तरीही हा प्रश्न आपला नाही असं समजून मजेत जगताहेत. मीही जगत होतो.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. आयपी व्ही-४ ही जुनी पद्धत ३२ बिटांची, म्हणजे एकूण पत्ते ४२९ कोटी आणि वर थोडी चिल्लर. त्यातलेही काही कोटी राखीव. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर. हा हिशोब करायला इंजिनिअर असावं लागत नाही. ही पद्धत ठरली तेव्हा इंटरनेट म्हणजे मोजकी विद्यापीठं आणि अमेरिकेचं संरक्षण खातं, त्यामुळे ठरवणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वाटप कसं झालं ते मात्र बघण्यासारखं आहे. सुरुवातीच्या काळात ज्याने मागितलं त्याला मिळालं, आणि मिळालं तेही परातभर. एमआयटी या एका विद्यापीठाला १ कोटी ६७ लाख पत्ते. ॲपल कंपनीला तेवढेच. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला तसे डझनभर ब्लॉक. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली १९९८ मध्ये. म्हणजे आपण पंगतीत जाऊन बसलो तेव्हा जिलबी संपून मठ्ठा फिरत होता. आजही १४० कोटींच्या या देशाकडे व्ही-४ चे पत्ते चार कोटींच्या आसपास आहेत. अमेरिकेकडे दीडशे कोटींहून जास्त.

स्टॅनफर्डने मात्र २००० साली आपला तेवढाच मोठा ब्लॉक परत करून टाकला. कुणी मागितला नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण असं वागणारे फार निघाले नाहीत.

मग ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक कोठाराने, म्हणजे आयाना या संस्थेने, शेवटचे पाच मोठे ब्लॉक पाच खंडांच्या नोंदणी संस्थांना एकेक असे वाटून टाकले. बाकायदा समारंभ करून! आशिया-पॅसिफिकच्या वाट्याला जो ब्लॉक आला त्याचे सगळे पत्ते १०३ ने सुरू होतात. आपल्या विभागाची नोंदणी संस्था एपनिक. तिचा नेहमीचा साठा १५ एप्रिल २०११ ला संपला. पाच संस्थांत सगळ्यात आधी आपलाच, कारण माणसं इथेच जास्त. त्या दिवसापासून नियम बदलला: कितीही मोठी कंपनी असो, तुम्हाला या शेवटच्या ब्लॉकमधून मिळणार जास्तीत जास्त १०२४ पत्ते. २०१९ मध्ये तेही निम्मे करून ५१२ वर आणले.

माझ्या मते हा नियम चांगला होता. रेशनिंगच होतं ते, आणि दुष्काळात रेशनिंगच लागतं. उशिरा येणाऱ्यालाही घोटभर मिळावं हा त्यामागचा विचार. माझ्या मित्राने ‘सी’ वर्गाचं लायसन घेतलं २०२० मध्ये. भारतात हे वाटप निक्सी या संस्थेखालची इरिन ही नोंदणी शाखा करते, २०१२ पासून. तिथून त्याला ५१२ पत्ते मिळाले. आधी निघाला असता तर १०२४ मिळाले असते. दहा वर्षं आधी असता, तर ‘गरज दाखवा’ एवढंच विचारलं असतं आणि हवे तेवढे मिळाले असते. पण दहा वर्षं आधी त्याच्याकडे केबलचे पैसे वसूल करायला सायकल होती.

आता हे ५१२ पत्ते कुठे जातात बघा. पेट्रोल पंप, दोन-तीन पतसंस्था, एक दवाखाना, कॉलेजची पोरं जिथे परीक्षा देतात ती लॅब, यांना स्वतःचा कायमचा पत्ता पाहिजे, आणि ते त्याचे वेगळे पैसे देतात. काही पत्ते त्याच्याच यंत्रांना. काही उद्यासाठी बाजूला, कारण संपले तर पुढे कुणी देणार नाही. उरलेल्या ६४ पत्त्यांच्या मागे २२०० घरं. भागाकार करा: एका पत्त्यामागे ३४ घरं. याला कॅरिअर ग्रेड नॅट असं भारदस्त नाव आहे. (‘कॅरिअर ग्रेड’ म्हटलं की जुगाडही उच्च दर्जाचा वाटायला लागतो :-)

पुण्यातल्या वाचकांसाठी सांगायचं तर समजा तुमच्या ३४ फ्लॅटच्या सोसायटीला एकच पत्ता आहे. फ्लॅट नंबर नाहीत. आलेलं पार्सल कुणाचं ते फक्त वॉचमनच्या वहीत. तुम्ही काही मागवलंत तर वॉचमन वहीत बघून वर आणून देईल. पण बाहेरून कुणी थेट तुमच्या दारावर येऊ शकत नाही. म्हणून मुरुममधल्या माणसाने शेतातल्या गोठ्यावर कॅमेरा लावला तर तो पुण्यातल्या मुलाला सरळ दिसत नाही, मध्ये कुठल्या तरी परदेशी कंपनीचा सर्व्हर लागतो. आणि सोसायटीतल्या एकाने हॉटेलवाल्याशी भांडण केलं की पूर्ण सोसायटीची डिलिव्हरी बंद! त्या शनिवारी नेमकं हेच झालं होतं. गावातली तीन सेवा केंद्रं नशिबाने एकाच पत्त्यामागे आली होती. पोर्टल लिहिणाऱ्याने ‘एका आयपीवरून मिनिटाला इतक्याच विनंत्या’ अशी ओळ घातलेली होती. त्याच्या डोळ्यासमोर एक आयपी म्हणजे एक माणूस. मुरुममध्ये एक आयपी म्हणजे आख्खी गल्ली आणि वर तिच्यातला बाजार.

हा नुसता गैरसोयीचा प्रश्न असता तर मी एवढं लिहीत बसलो नसतो. आठवतं का बघा, २००७ साली बंगळुरूच्या एका आयटी इंजिनिअरला पुणे पोलिसांनी उचललं होतं. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकला असा आरोप. मजकूर टाकणारा भलताच होता. इंटरनेट कंपनीने त्या आयपी पत्त्याचा ग्राहक म्हणून चुकीच्या माणसाचं नाव दिलं होतं. पन्नास दिवस तो तुरुंगात होता. आणि हे तेव्हा, जेव्हा एका पत्त्यामागे साधारण एक घर असायचं. आज एका पत्त्यामागे ३४ घरं आहेत, मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यात तर त्याहूनही कितीतरी जास्त. अचूक सेकंद आणि पोर्टचा क्रमांक कळल्याशिवाय वॉचमनची वही काही सांगू शकत नाही, आणि समोरच्या वेबसाइट्स बऱ्याचदा पोर्ट नोंदवतच नाहीत. ती वही दोन वर्षं सांभाळायची, असं दूरसंचार खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये लायसनमध्येच घातलं. माझ्या मित्राने त्यासाठी वेगळ्या डिस्क घेतल्या. पत्ते कमी देणारेही तेच, आणि पत्ते कमी म्हणून वाढलेली वही सांभाळ म्हणणारेही तेच.

आता ‘बाजार’ या उपायाकडे येऊ, कारण आपल्या ऑफिसांत दर दोन माणसांमागे एक जण बाजाराचा भक्त असतो. त्यांचं म्हणणं असं की पत्ते विकायला परवानगी द्या, ज्याला गरज आहे तो विकत घेईल, पडून असलेले बाहेर येतील. परवानगी दिली गेली. काय झालं? मार्च २०११ मध्ये दिवाळखोर नॉर्टेलचे ६ लाख ६६ हजार पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना घेतले. पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. २०१७ मध्ये एमआयटीने आपले निम्मे पत्ते विकायला काढले, मोठा वाटा ॲमेझॉनकडे गेला. २०१९ मध्ये हॅम रेडिओवाल्यांसाठी राखून ठेवलेल्या ब्लॉकमधले ४० लाखांवर पत्तेही ॲमेझॉनकडे गेले, १०.८ कोटी डॉलरना. २०२१-२२ मध्ये भाव पत्त्याला पन्नास डॉलरच्या वर गेला होता. नंतर उतरला, पण मुरुमच्या माणसाला तो उतरलेला भावही परवडणारा नाही. आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून तीच ॲमेझॉन आपल्या क्लाउडवर प्रत्येक व्ही-४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट भाडं घेते. वर्षाचे ४३ डॉलर ८० सेंट, म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या वर.

आमच्याकडे दुष्काळात हेच चालतं. ज्याच्या बोअरला पाणी आहे तो टँकर विकतो. त्याने पाणी निर्माण केलेलं नसतं, फक्त त्याची जमीन बरोबर जागी असते. टँकरने तहान भागते हे खरं, कुणी नाकारत नाही. पण टँकरवाल्याला विहिरी भरायची घाई असते असं मी तरी ऐकलेलं नाही.

दुसरा उपाय म्हणजे ‘परत घ्या’. अमेरिकेने फुकट ढापलेले पत्ते काढून घ्या आणि गरिबांना वाटा. हे ऐकायला फार छान वाटतं आणि माझ्या आतल्या मराठवाडी माणसाला तर लगेच पटतं. जायकवाडीसाठी नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडा म्हणून आम्ही किती वर्षं भांडतोय! समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा, आणि तरी पाऊस कमी झाला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोर्ट आहेच. पण पाण्यात आणि पत्त्यांत फरक आहे. धरण पुढच्या पावसात परत भरतं. पत्त्यांवर पाऊस पडत नाही. २०१० मध्ये जगात दर महिन्याला १ कोटी ६७ लाखांचा एक ब्लॉक, किंबहुना त्याहून जास्त, खपत होता. उद्या एमआयटीसारख्या दहा जणांकडून सगळं काढून घेतलं असतं तरी तहान वर्षभर लांबली असती, बस.

आणि काढून घेणार कोण? आफ्रिकेच्या नोंदणी संस्थेने हा प्रयोग केला. तिथे ६० लाखांहून जास्त पत्ते घेतलेल्या एका कंपनीने ते आफ्रिकेबाहेर वापरायला दिले, म्हणून २०२१ मध्ये संस्थेने ते परत घ्यायचं ठरवलं. कंपनी मॉरिशसच्या कोर्टात गेली. कोर्टाने संस्थेचीच बँक खाती गोठवली, पगार द्यायची पंचाईत झाली, आणि २०२३ मध्ये संस्थेवर कोर्टाचा रिसीव्हर बसला. एक आख्खा खंड, आणि त्याच्या पत्त्यांच्या वहीला मालक नाही अशी स्थिती. नियम पुस्तकात असून उपयोग नाही, तो राबवायची ताकद लागते आणि राबवण्यासारखा नियमही लागतो.

खरा उपाय तर १९९० च्या दशकापासून तयार आहे. आयपी व्ही-६. १२८ बिट. पत्ते इतके की आकडा लिहिला तर ३९ अंक होतात. माझ्या मित्रालाही इरिनकडून व्ही-६ चा ब्लॉक मिळालेला आहे आणि तो त्याच्या आयुष्यात संपणार नाही. प्रत्येक घराला भरपूर पत्ते देऊनही उरेल. मग अडलंय कुठे?

मी विचारलं तर मित्र म्हणाला, ‘‘अरे, ते फुकट मिळालं, पण लावून काय करू? गिऱ्हाईक विचारतंय व्हय?’’

बरोबर आहे त्याचं. गिऱ्हाईक कधीच विचारणार नाही. गिऱ्हाईक पोर्टल चालू करून द्या म्हणतं, पत्ता कुठल्या जातीचा ते त्याला काय करायचंय?

तरी त्या दिवशी आम्ही दोघं बसलो. दुपारी तीनला सुरू केलं. राउटरवर व्ही-६ चालू करायला तास लागला, बिलिंगच्या सॉफ्टवेअरला ते कळायला तीन तास, आणि घरोघरी बसवलेल्या स्वस्तातल्या डब्यांपैकी निम्म्यांना ते कळतच नव्हतं. ज्यांना कळत होतं अशी नऊशे घरं रात्री अकरापर्यंत व्ही-६ वर आली. आणि मग ग्राफकडे बघत बसलो. त्या नऊशे घरांची निम्म्याहून जास्त वाहतूक आपोआप व्ही-६ वर सरकली. गुगल, यूट्यूब, फेसबुक, नेटफ्लिक्स सगळे कधीचे तयार बसलेले आहेत. नॅटवरचा भार उतरला, यूट्यूब बघणारा आता वॉचमनच्या वहीत येतच नव्हता. मित्राने कुणाला तरी फोन करून भजी मागवली.

मग आम्ही ते सकाळचं पोर्टल बघितलं. फक्त व्ही-४.

इथे माझं टाळकं सरकलं. कारण दूरसंचार खात्याचा पहिला व्ही-६ रोडमॅप जुलै २०१० चा आहे. त्यात मोठ्या सेवादात्यांना डिसेंबर २०११ आणि सरकारी खात्यांना मार्च २०१२ अशी मुदत होती. मग २०१३ मध्ये दुसरा रोडमॅप, नव्या तारखा. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये आणखी नव्या तारखा: सरकारी संस्थांनी वेबसाइट्ससकट ३० जून २०२२ पर्यंत बदलावं, आणि ३१ डिसेंबर २०२२ नंतरचं प्रत्येक नवं वायरचं कनेक्शन व्ही-६ ला लायक असावं. तारखा काढण्यात आपला हात कुणी धरणार नाही. तारीख उलटल्यावर कुणाचं काय बिघडलं? काहीच नाही. ज्याचं बिघडलं तो सातबारा हातात घेऊन मुरुममध्ये उभा होता.

‘पण भारत तर व्ही-६ मध्ये जगात पुढे आहे’ असं म्हणणाऱ्यांना: हो, आहे. गुगलच्या मोजणीत भारतातले ७० टक्क्यांहून जास्त वापरकर्ते व्ही-६ वर दिसतात. त्याचं मोठं श्रेय सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या जिओला, ज्यांनी सुरुवातच व्ही-६ ने केली. का केली? देशप्रेमाने नाही. कोट्यवधी गिऱ्हाइकांना पुरतील एवढे व्ही-४ पत्ते उशिरा आलेल्याला मिळणारच नव्हते म्हणून. म्हणजे ज्याच्याकडे जुनं नव्हतं त्याने नवं केलं. ज्यांच्याकडे जुनं भरपूर होतं ते निवांत आहेत. खातं, बँका, जुन्या कंपन्या, आणि (थांबा, यायलोच) आपण.

म्हणून माझं म्हणणं असं. पत्ते होते तेव्हा ‘तुझी गरज दाखव’ हा नियम योग्य होता. पत्ते संपल्यावर ‘प्रत्येकाला घोटभर’ हा नियमही योग्य होता. पण आता नियमाने तिसरा प्रश्न विचारायला पाहिजे, आणि तो रिकाम्या हाताने आलेल्याला नाही, ज्याच्याकडे आहेत त्याला: तुझ्याकडे व्ही-४ आहे ना, मग तू व्ही-६ चालू केलंस का? व्ही-४ चा प्रत्येक पत्ता ही आता बाकीच्या जगाला जुन्याच पद्धतीत बांधून ठेवणारी दोरी आहे. दोरी हातात ठेवायची असेल तर ठेव, पण त्याची जबाबदारी घे.

हे करता कसं येईल? पत्त्यांची खरेदी-विक्री नोंदणी संस्थेच्या वहीत चढल्याशिवाय पक्की होत नाही, आणि मुठीत धरता येईल अशी जागा तीच. इरिनने आणि एपनिकने सांगावं की घेणाऱ्याच्या गिऱ्हाइकांपर्यंत व्ही-६ खरोखर पोचत असेल तरच नोंद बदलू. कागदावरचं नको, मोजलेलं. ही सावधगिरी उगाच नाही. युरोपच्या राइप या संस्थेने २०१२ मध्ये शेवटच्या ब्लॉकमधून व्ही-४ देताना ‘आधी व्ही-६ चा ब्लॉक घेतलेला असावा’ अशी अट घातली होती. लोकांनी ब्लॉक घेतले, खणात ठेवले आणि व्ही-४ घेऊन गेले. २०१५ मध्ये ती अट काढूनच टाकली. अट ब्लॉक ‘घेण्याची’ होती, चालवण्याची नव्हती. आपण तरी ती चूक करू नये. कोणत्या नेटवर्कमधले किती टक्के लोक व्ही-६ वापरतात हे एपनिक स्वतः रोज मोजतं आणि जाहीर करतं. मापदंड हाताशी आहे, फक्त तो नियमाला बांधलेला नाही.

एका पत्त्यामागे किती घरं कोंबायची याला मर्यादा पाहिजे. बेल्जियममध्ये पोलीस आणि सेवादाते यांच्यात २०१२ च्या सुमारास ठरलं की एका पत्त्यामागे सोळापेक्षा जास्त ग्राहक नकोत. कारण गुन्हेगार सापडत नव्हते. परिणाम असा झाला की कंपन्यांना जुगाड महाग पडायला लागला आणि बेल्जियम काही वर्षं व्ही-६ मध्ये जगात सगळ्यात पुढे होता. आता तुम्ही म्हणाल, सोळा केले तर तुझा मित्रच आधी बुडेल. खरंय, ३४ घरं आहेत त्याच्या मागे. म्हणून मर्यादा त्याला लावा ज्याने आपल्या घरांना व्ही-६ दिलेलं नाही. ज्याने दिलंय त्याला सूट. मित्राला हे सांगितलं तेव्हा त्याने डोळे बारीक करून विचारलं, ‘‘मग डबे बदलायचे पैसे कोण देणार?’’ या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मोठ्या व्यवहारांवर नोंदणी संस्थेने शुल्क लावून छोट्यांच्या डब्यांना मदत करावी असं मला वाटतं, पण शुल्क लावलं की पैसा कुठे जातो हेही मला माहीत आहे.

आणि सरकारी वेबसाइट्स. इथे सूट नको, दया नको. चेक प्रजासत्ताकाच्या सरकारने जाहीर करून टाकलंय की ६ जून २०३२ नंतर आपल्या सेवा व्ही-४ वर मिळणार नाहीत. बंद! अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०२० मध्ये आपल्या खात्यांना सांगितलं की २०२५ हे आर्थिक वर्ष संपेपर्यंत ८० टक्के यंत्रणा नुसत्या व्ही-६ वर आणा. तिथेही सगळं वेळेत होत नसेल, पण निदान जुनं कधी बंद करणार हे बोलायची हिंमत आहे. आपल्या तारखा नेहमी ‘नवं कधी सुरू करणार’ याच्याच असतात, आणि नवं सुरू न करता जुनं चालू राहिलं तर बिल निघायचं थांबत नाही. पोर्टलच्या ठेकेदाराचं शेवटचं बिल व्ही-६ वर साइट उघडून दाखवल्याशिवाय काढू नका. एवढी एक ओळ टेंडरमध्ये आली तर दोन रोडमॅपनी झालं नाही ते वर्षात होईल.

आता राहिलो आपण. ते पोर्टल कुणी लिहिलं असेल? हिंजवडीत, खराडीत नाहीतर मगरपट्ट्यात बसणाऱ्या आपल्यासारख्याच कुणी तरी. मी गावाहून आलो आणि सोमवारी ऑफिसात आमचीच एक जुनी सर्व्हिस उघडून बघितली. डेटाबेसमध्ये आयपी पत्त्याचा कॉलम १५ अक्षरांचा. व्ही-४ चा पत्ता जास्तीत जास्त १५ अक्षरांत बसतो, व्ही-६ ला ३९ लागतात. म्हणजे व्ही-६ वरून कुणी आलं तर आमची सर्व्हिस तोंडावर पडणार. कॉलम कुणी बनवला म्हणून इतिहास काढला, तर २००९ साली तो मीच बनवला होता. तेव्हा पत्ते संपत आले आहेत हे मला माहीत नव्हतं असं म्हणू का? माहीत होतं. जेवणाच्या टेबलावर त्यावर मी लांबलचक भाषणही दिलं होतं. आणि परत जागेवर येऊन १५ लिहिलं.

तो कॉलम बदलायचं तिकीट मी टाकलंय. प्रायॉरिटी ‘लो’ अशी कुणीतरी करून ठेवली, ती मी परत ‘हाय’ केली, ती परत ‘लो’ झाली. सध्या आमचं हे चालू आहे.

त्या शेतकऱ्यांचे फॉर्म शेवटी पोराच्या हॉटस्पॉटवरूनच भरले गेले, रविवारी रात्री पावणेबारापर्यंत. दोघांचे राहिले. त्यातले एक ते म्हातारबुवा. त्यांना अजूनही वाटतं की माझ्या मित्राचं नेट बंडल आहे, आणि त्यांनी कनेक्शन काढून टाकलं. बाकी १३०० घरांतले डबे बदलायचं काम चालू आहे. आठवड्याला चाळीस होतात. पुढच्या शनिवारी मी परत जातोय, येताना सोलापूरहून साठ डबे आणायला सांगितलेत.